वहीतलं कुरासाव
(हा पत्रव्यवहार जानेवारी २०२२चा. त्यातले ‘आज’ आणि ‘सध्या’ तेव्हाचे, कोविडचे आणि प्रवासाचे नियमही तेव्हाचेच.)

ताई,
आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. कोविडमुळे दोन वर्षं भेट नव्हती. शेवटी डिसेंबर २०२१मध्ये सासू-सासरे वेंगुर्ल्याहून आले. सासरे ७१ वर्षांचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सासूबाई ६६च्या, त्यांना मधुमेह आहे. दोघांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून नवऱ्याने ऑक्टोबरातच आम्हा चौघांसाठी आठ रात्रींची क्रूझ बुक केली. १९ फेब्रुवारीला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघायचं, कुरासाव आणि अरूबा ही कॅरिबियन समुद्रातली बेटं करून २७ला परत. सासऱ्यांनी तेव्हापासून एक वही घातली आहे. दोनशे पानी, तिच्यात कुरासावचे नकाशे काढलेत. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती आणि कुरासावही डचांचंच, म्हणून त्यांना ते बेट बघायचंच आहे.
नाताळात बातम्या आल्या की जहाजांना बेटं आत घेत नाहीत. कंपनीला फोन केला तर ‘सध्या कार्यक्रमात बदल नाही’ एवढंच सांगतात. सगळे पैसे भरून झालेत. निघण्याच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द केलं तर रोख नाही, पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट मिळेल. नवरा म्हणतो आत्ताच रद्द करून मोकळं होऊ. मला वाटतं, हे दोघं परत कधी येतील कोण जाणे. १० मार्चचं त्यांचं परतीचं विमान आहे, शिमग्याला घरी पोचायलाच हवं, मांडावर बाबांचा मान असतो. आईंचं काही म्हणणं नाही, आठ दिवस स्वयंपाक नाही यातच त्या खूश आहेत. बाबांना बातम्यांबद्दल अजून काही सांगितलेलं नाही. बंदरं लागतील की नाही हे कसं कळणार? आणि त्यांना सांगायचं कसं?
– एक सून, एडिसन

सूनबाई,

पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. परतीच्या विमानाची. तिच्याकडे येतेच, आधी बंदरांचं बोलू.

बंदर लागणार की नाही, हे अनेकदा आदल्या रात्रीपर्यंत कुणालाच नक्की ठाऊक नसतं. कप्तानालासुद्धा नाही. त्यामुळे फोनवरचा माणूस ‘सध्या बदल नाही’ म्हणतो तेव्हा तो तुम्हाला टोलवत नसतो, त्याच्याकडे त्या घडीला तेवढीच माहिती असते. जहाज बंदराकडे निघालं की आरोग्याचं एक घोषणापत्र पुढे पाठवावं लागतं: किती माणसं आहेत, किती आजारी आहेत, कशाने. ते वाचून बंदराचा आरोग्य अधिकारी जहाजाला आत यायची परवानगी देतो. जहाजावरची माणसं तिला प्रॅटिक म्हणतात. ती मिळेपर्यंत धक्क्याला दोर बांधले असले तरी शिडी लागत नाही. ही पद्धत कोविडने आणलेली नाही. पूर्वी परवानगी मागणारं जहाज पिवळं निशाण चढवून बाहेर उभं राहायचं. १८९७ साली व्हेनिसमध्ये देशोदेशीचे आरोग्य अधिकारी जमले होते, ते आपल्या मुंबईच्या प्लेगच्या धास्तीने. तेव्हा मुंबईहून आलेल्या जहाजाकडे लोक ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने आज अरूबा फ्लोरिडाहून आलेल्या जहाजाकडे बघतंय. मला यात गंमत वाटते. तुमच्या सासऱ्यांनाही वाटेल.

आता नाताळातल्या बातम्या. ‘ओडिसी ऑफ द सीज’ हे जहाज १८ डिसेंबरला फोर्ट लॉडरडेलहून निघालं, आठ रात्रींसाठी. म्हणजे तुमचंच निघायचं बंदर, तुमचाच मार्ग, तेवढेच दिवस. जहाजावरच्या पाच हजारांहून अधिक माणसांपैकी ५५ जण बाधित निघाले. जवळपास सगळ्यांचं लसीकरण झालेलं होतं, तरीही कुरासाव आणि अरूबा, दोन्हीकडे ते लागू शकलं नाही. लोक फोर्ट लॉडरडेलला चढले आणि २६ला तिथेच उतरले. त्याच आठवड्यात ‘कार्निव्हल फ्रीडम’ या जहाजाला कुरासावशेजारच्या बोनेअर बेटाने आणि अरूबाने आत घेतलं नाही. त्या जहाजाला निदान डोमिनिकन रिपब्लिकमध्ये अंबर कोव्हला थांबता आलं.

बेटांवर रागावण्यात अर्थ नाही. बोनेअरची लोकसंख्या सध्या बावीस हजारांच्या आसपास. तीन-चार हजारांचं एक जहाज धक्क्याला लागलं की दुपारपर्यंत गावात दर सहा-सात माणसांमागे एक पाहुणा. कुरासाव दीड लाखाचं, अरूबा एक लाखाहून थोडं जास्त. तिथली इस्पितळं तिथल्या माणसांच्या हिशोबाने बांधलेली आहेत. पर्यटनावर पोट असूनही त्यांनी दार लावून घेतलं, म्हणजे घरात काय चाललं असेल ते ओळखा.

माझी बावीस वर्षं दादरच्या एका टूर कंपनीत लोकांना फिरवून आणण्यात गेली, म्हणून एक आठवण सांगते. २०१४ साल, कोविडचं नाव नाही. दादर-डोंबिवलीचे अठ्ठावीस जण माझ्याबरोबर कॅरिबियनच्या क्रूझवर. ग्रँड केमनला धक्का नाही, जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. सकाळी सव्वासातला आम्ही नाश्त्याला बसलो असताना कप्तान स्पीकरवर बोलला: लाटा उंच आहेत, बोटी लावता येणार नाहीत, आपण पुढे निघतोय. इंग्रजीत, दीड मिनिटात, शेवटी ‘दिवस आनंदात जावो’. आमच्यातल्या डोंबिवलीच्या एका काकांनी तिथल्या स्टिंगरे माशांसाठी मुंबईहून पाण्यात चालणारा कॅमेरा आणला होता. बेट दिसेनासं होईपर्यंत ते कठड्याला टेकून उभे होते. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, “तुम्हाला हे होऊ शकतं हे माहीत होतं?” माहीत होतं. कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, सही माझ्यासमोर झाली होती. मी मोठ्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण उत्साहावर पाणी कशाला ओता. संध्याकाळी प्रत्येकाच्या खात्यावर बंदराची फी म्हणून काही डॉलर जमा झाले. काका उरलेले चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मासे दिसले नाहीत याचा राग नव्हता त्यांना.

ते बारीक अक्षर तुमच्याही तिकिटात आहे. कंपनी कुठलंही बंदर गाळू शकते, बदलू शकते, क्रम उलटा करू शकते, आणि त्याची भरपाई द्यायला बांधलेली नसते. परत मिळते ती बंदराची फी आणि कर, आणि कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे. तुम्ही स्वतः कुरासावच्या एखाद्या टॅक्सीवाल्याशी ठरवलं असेल तर ‘जहाज आलं नाही तर पैसे परत’ हे त्याच्याकडून लिहून घ्या. बरेच जण देतात. थोडक्यात, तुम्ही आठ रात्रींची खोली, जेवण आणि समुद्र विकत घेतला आहे. कुरासाव वर मिळालं तर मिळालं. तुमच्या मार्गावर तर हे जास्तच खरं, कारण ही बेटं फार खाली आहेत, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याशी. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस नुसतं पाणी. बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सफरीत जहाजं कंपनीच्या ताब्यातल्या बेटावर थांबतात, तिथे आत घ्यायचं की नाही हा प्रश्न सहसा येत नाही. पण तिथे वाळू आणि घसरगुंड्या. डचांची वखार शोधणाऱ्या माणसाने तिथे काय करायचं?

तरी अंदाज बांधायला जागा आहे. जहाजं तेच तेच फेरे मारतात. तुमचं जहाज या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात खरोखर कुठे उभं राहिलं ते जहाजांचा माग दाखवणाऱ्या साइटवर बघा. नाव टाकलं की नकाशावर ठिपका दिसतो. कंपनीच्या कार्यक्रमापेक्षा तो ठिपका खरा. कुरासावच्या बंदराचं स्वतःचं वेळापत्रकही असतं, त्यात तुमच्या जहाजाची तारीख अजून आहे का तेही पाहा. अमेरिकेतली ओमायक्रॉनची लाट जानेवारीच्या मध्यापासून उतरते आहे, जहाजांवरही त्याचा परिणाम दिसेल असं मला वाटतं. आणि ४८ तासांची सवलत तुमच्या हातात असताना ‘आत्ताच रद्द करून मोकळं होऊ’ याला काही अर्थ नाही. आज रद्द करा की १६ फेब्रुवारीच्या रात्री करा, क्रेडिट तेच मिळणार. मग तीन आठवड्यांची जास्तीची माहिती का सोडायची? फक्त ते ४८ तास कुठल्या घड्याळाचे आणि कुठल्या वेळेपासून मोजायचे, हे आजच ईमेलवर लेखी मागून घ्या. फोनवरचं तोंडी आश्वासन धरू नका.

तुमच्या यजमानांच्या मनात काय आहे तेही मला दिसतंय. २०२० सालची ती चित्रं. योकोहामाला उभी असलेली ‘डायमंड प्रिन्सेस’, आत ३,७११ माणसं, त्यातली सातशेहून अधिक बाधित. ‘वेस्टरडॅम’ला तर एकामागून एक देशांनी नाकारलं आणि शेवटी कंबोडियाने आत घेतलं, जहाजावर एकही बाधित सापडलेला नसताना. तेव्हा जहाजाला जायला जागाच नव्हती. आता तसं नाही. नंतर अमेरिकेने जहाजं पुन्हा सोडली ती अटी घालून, आणि त्यातली एक अट अशी की कंपनीने निघायच्या बंदराशी आणि तिथल्या आरोग्य खात्याशी आधी करार करावा, रुग्ण निघाले तर उतरवायचे कुठे आणि ठेवायचे कुठे. अटींचा तो आदेश याच १५ जानेवारीला संपला, पण घडी बसलेली आहे. ‘ओडिसी’लाही दोन बेटं नाही म्हणाली, फोर्ट लॉडरडेल नाही म्हणालं नाही. जहाज ठरल्या दिवशी घरी आलं. म्हणजे तुम्ही समुद्रात अडकाल याची भीती नको. भीती दुसरीकडे आहे.

ती अशी. २७ फेब्रुवारीला तुम्ही उतरणार, १० मार्चला सासू-सासऱ्यांचं विमान. मध्ये अकरा दिवस. भारतात जायला सध्या, जानेवारी २०२२मध्ये, निघण्याआधी ७२ तासांतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह लागतो, तो भारत सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवर चढवावा लागतो, म्हणजे त्यांचा नमुना ७ मार्चला किंवा त्यानंतर जाणार. आता समजा जहाजावर पाचव्या दिवशी बाबांना संसर्ग झाला. साधा सर्दी-खोकला, चार दिवसांत बरे. पण आरटी-पीसीआर हे भारी चिकट प्रकरण आहे. माणूस ठणठणीत होतो, दुसऱ्याला लागणही करू शकत नाही, तरी ती चाचणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. विमानतळावरच्या माणसाला तुमचं बरं होणं दिसत नाही, कागद दिसतो. म्हणजे कुरासाव लागलं नाही तर एक दिवस हुकेल, पण हे झालं तर शिमगा हुकेल. तुम्ही दोघं नवरा-बायको बंदरांवरून वाद घालताय आणि खरा प्रश्न मांडावर उभा आहे.

म्हणून आजच्या आज विमान कंपनीला विचारा, परतीची तारीख दंड न घेता बदलता येते का. सध्या पुष्कळ कंपन्या देताहेत. बदलता येत असेल तर पैशांचा घोर मिटला, मानाचा राहिला. तो तुम्ही सोडवायचा नाही. मी बाबांच्या विषयाकडे येईन तेव्हा सांगते का ते.

दुसरं, विमा. सासू-सासऱ्यांसाठी तुम्ही अमेरिकेत येणाऱ्या पाहुण्यांचा विमा घेतला असेल. तो काढून वाचा. अशा पॉलिसींपैकी काही अमेरिकेच्या हद्दीबाहेर गेलं की चालत नाहीत, काहींत क्रूझ स्पष्ट वगळलेली असते, काहींत कोविड. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल घसघशीत येतं आणि ते तिथेच क्रेडिट कार्डावर चढतं. गंभीर आजाऱ्याला जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलायची वेळ आली तर तो खर्च तुमच्या क्रूझच्या कितीतरी पट. वैद्यकीय उपचार आणि रुग्णाला हलवणं, दोन्ही ज्यात आहे असा विमा त्या आठ दिवसांसाठी वेगळा घ्या. आणि ‘आम्हाला भीती वाटली म्हणून गेलो नाही’ याला साधा विमा पैसे देत नाही. कुठल्याही कारणाने रद्द करता येईल अशी पॉलिसी असते, पण ती बुकिंगनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच घ्यावी लागते. तुम्ही ऑक्टोबरात बुक केलंत, ती गाडी गेली.

व्हिसाही तपासा. तुमच्याकडे कुठला पासपोर्ट आहे मला माहीत नाही, त्यांचा भारतीय आहे. अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण जहाज परत आलं की ती नव्याने एन्ट्रीच. कुरासाव-अरूबाचे नियम क्रूझवाल्यांसाठी वेगळे असतात, कंपनीकडून लेखी घ्या. आणि बदली म्हणून दुसरंच बंदर आलं तर? मेक्सिको असेल तर अमेरिकेच्या चालू व्हिसावर उतरता येतं. बाकी ठिकाणी विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. अमेरिकी पासपोर्टवाली सगळी उतरली आणि आईबाबा दोघंच जहाजावर राहिले, हे मी पाहिलंय. फार वाईट दिसतं ते.

सामान भरताना एक करा. आईंची मधुमेहाची औषधं, साखर तपासायचं यंत्र, चार्जर आणि थोडा कोरडा खाऊ एका पिशवीत. बाबांचं सगळं दुसऱ्या पिशवीत. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याला लगेच दुसऱ्या मजल्यावरच्या वेगळ्या केबिनमध्ये हलवतात, तिथे खिडकी असेलच असं नाही, आणि जेवण दाराबाहेर ठेवून टकटक करून निघून जातात. त्या गडबडीत चाळीस वर्षांच्या संसारातली औषधं कुणी वेगळी करत बसू शकत नाही. दोघांच्याही फोनवर जहाजाचं वायफाय घेऊन ठेवा, नाहीतर दोन मजल्यांच्या अंतरावर असून बोलता येणार नाही. निघण्याआधी दोन दिवसांतली निगेटिव्ह चाचणी तुम्हा चौघांना लागेल. त्यात एकजण जरी पॉझिटिव्ह निघाला तरी त्याच्या खोलीतल्या दुसऱ्यालाही चढू देत नाहीत, म्हणून निघायच्या आधीच्या आठवड्यात एडिसनमध्ये कुणाकडे डोहाळजेवण, हळदीकुंकू असेल तर यंदा नाही म्हणा. दोघांच्या बूस्टरचं डॉक्टरांना विचारलंत का? सध्या अमेरिकेत लस पाहुण्यांनाही फुकट मिळते.

आता आईंबद्दल. तुम्ही त्यांच्यावर एकच वाक्य लिहिलंत आणि पुढे गेलात. ‘आठ दिवस स्वयंपाक नाही यातच त्या खूश आहेत.’ अहो, या सगळ्या घोळात एकच माणूस असा आहे ज्याला नेमकं काय हवंय ते ठाऊक आहे, आणि जे हवंय ते बंदर लागो न लागो, मिळणारच आहे! वर्षानुवर्षं शाळेच्या वेळा सांभाळून डबे भरलेल्या बाईला सकाळी उठून कुणीतरी आयती ऑम्लेट करून देणार, ताट उचलणार, चादर घालणार. कुरासावने दार लावलं म्हणून त्यांच्या आनंदात काडीचा फरक पडत नाही. लग्नाचा वाढदिवस दोघांचा आहे ना? मग निकाल लावताना ही बाजूही तराजूत टाका. मला तर वाटतं जहाज आईंचं आहे आणि बेट बाबांचं. एकच तिकीट, पण सहली दोन.

बाबांना आज रात्री सांगा. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, तुम्ही दोघांनी मिळून. नवऱ्याने एकट्याने सांगू नये, मुलगा वडिलांना वाईट बातमी देताना एक तर फार घाई करतो नाहीतर चेष्टा करतो. सांगायचं एवढंच: बेटं जहाजांना परत पाठवताहेत, डिसेंबरात आपल्याच मार्गावर झालं, आपलं काय होईल ते आदल्या रात्री कळेल. आणि परतीच्या चाचणीचंही सांगा, अकरा दिवसांचा हिशोब त्यांच्यासमोर मांडा. भूगोल शिकवलेला माणूस आहे, ‘आयत्या वेळी बघू’ म्हणून त्यांची समजूत काढू नका. मानाचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. भावाला, पुतण्याला मांडावर उभं करता येतं का, की स्वतःच हवं, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तुम्ही इतके दिवस सांगितलं नाहीत ते त्यांच्या मायेपोटीच, हे मला कळतं. माझंही तसंच होतं. डोंबिवलीच्या काकांना ते पटलं नाही.

ऐकल्यावर ते कदाचित म्हणतील, कुरासाव नसेल तर मला यायचं नाही. मग तुमच्या यजमानांना क्रेडिट घेऊ द्या, पण आधी विचारा की ते कुणाच्या नावावर निघणार आणि कधीपर्यंत चालणार. वेंगुर्ल्यात बसलेल्या माणसाच्या नावावरचं क्रेडिट फ्लोरिडात पडून राहतं आणि एक दिवस मुदत संपल्याचा ईमेल येतो. बाबांच्या वाट्याचं क्रेडिट तुमच्या नावावर होत असेल तर उत्तम. कुणी सुचवेल की मग मायामीहून विमानानेच कुरासावला जाऊन या, तीन तासांचं अंतर आहे. जाता येईल. पण विमानाने अमेरिकेत परतायला सध्या निघण्याच्या आदल्या दिवसापासूनची निगेटिव्ह चाचणी लागते आहे. पॉझिटिव्ह आली तर तुम्ही कुरासावमध्ये अडकलात, हॉटेलच्या बिलासकट. बाबांची इच्छा नको तितकी पूर्ण होईल.

किंवा ते म्हणतील, जाऊ या, कुरासाव दिसलं तर दिसलं. मला विचाराल तर मी गेले असते. परतीचं तिकीट बदलता येणारं करून, विमा घेऊन, आणि कुरासाव लागणार नाही असं धरून. आठ दिवस नवरा-बायकोने नुसतं समुद्राकडे बघत बसणं ज्यांना आवडेल त्यांनीच सध्या जहाजावर चढावं. तुम्हा चौघांपैकी तिघांना ते आवडेल असं पत्रावरून वाटतं. तुमच्या यजमानांचं सांगता येत नाही.

जहाजावर गेलात तर बाबांना जेवणघरात थोडं इकडेतिकडे बोलू द्या. गोव्याचे आणि सिंधुदुर्गातले पुष्कळ तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, या जहाजांवर आहेत. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे जवळजवळ दीडशे भारतीय खलाशी मुंबईच्या धक्क्यावर उतरले, तोवर कितीतरी दिवस परवानगीची वाट बघत पाण्यावर होते. बंदर नाकारलं की आपण एक दिवस हळहळतो. ही मुलं तेव्हा दिवसच्या दिवस आपल्याच किनाऱ्याकडे बघत उभी होती. एखादा वेंगुर्ल्या-शिरोड्याचा भेटला आणि मालवणीत गप्पा सुरू झाल्या, तर बाबा कुरासाव विसरतील असं नाही, पण रात्रीचं जेवण नक्की लांबेल.

आणि त्या वहीतली एक छोटी दुरुस्ती त्यांना सांगा, किंवा नका सांगू, त्यांना बहुधा माहीत असेलच. वेंगुर्ल्याची वखार डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीची. कुरासाव १६३४ साली घेतलं ते त्यांच्या वेस्ट इंडिया कंपनीने. देश एक, कंपन्या दोन, हिशोबाच्या वह्याही वेगळ्या. कुरासावच्या राजधानीला, विलेमस्टॅडला, जहाज लागलंच तर मोठी जहाजं खाडीबाहेरच्या मेगा पिअरवर उभी राहतात, तिथून क्वीन एम्मा पुलापर्यंत चालत जाता येतं. १८८८चा पूल, होड्यांवर तरंगणारा, बोट आली की अख्खाच्या अख्खा बाजूला सरकतो आणि माणसं कडेला थांबून राहतात. त्यांच्या वहीत त्याचं चित्र आहे का बघा. असेल तर त्याचा एक फोटो मला पाठवा. आणि ४८ तासांचं ते ईमेल विसरू नका.